अस्तराखालचा कागद

घर
४ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आजोबा पत्र लिहायला लावतात म्हणून वर्गातली पोरं तुला हसतात म्हणे. हसू देत. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी काळजीने भरून काढतो. त्यापेक्षा कागद बरा. चारदा वाचता येतो, उशीखाली ठेवता येतो.

तू लिहिलंस की खोलीची कडी बदलून मिळाली. आतली बदलली की बाहेरची, ते लिहिलं नाहीस. आतली महत्त्वाची. दूध घेतेस का? डोळ्यांवर ताण येतो का? दिवसभर त्या कॉम्प्युटरच्या काचेकडे बघून माणसाचं डोकं दुखत नाही हे मला पटत नाही. मी जन्मभर पुस्तकं बांधली तेव्हा मान गेली, तुझं काम तर मान आणि डोळे दोन्ही मागणारं.

दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत सहा महिने काम शिकायला दोन जणांना पाठवणार, आणि त्यात तुझं नाव येईल असं मॅडम म्हणाल्या, हे वाचून छाती फुगली आणि लगेच धडधडायलाही लागली. सोबत तू पाठवलेला कागद पाहिला. ‘पालकांची संमती, फक्त मुलींसाठी.’ मुलांच्या पालकांना विचारत नाहीत वाटतं. तुला याचा राग आला, मला मात्र बरं वाटलं. कुणीतरी विचारतंय तरी. आईबाप नसलेली पोर, चार वर्षांची असल्यापासून माझ्या कडेवर वाढलेली, तिथे साठ मुलग्यांत एकटी. विचारायला नको?

असो. सही केली आहे. पेन मधेच अडलं म्हणून दोनदा गिरवली, तिला खाडाखोड समजू नये. आणखी एक पाकीट टाकायचं होतं, म्हणून पोस्टात स्वतः जाऊन आलो.

आत्याआजीची जुनी वही तुला बघायला हवी असं लिहिलंस. ती मागू नकोस. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मीच बांधलेली, आता शिवण सैल झाली असेल. प्रवासात पानं सुटतील. त्यात काही नाही, पेन्सिलीने काढलेल्या चौकटी आहेत नुसत्या.

तब्येत जपून असणे. आजोबांवर माया राहू दे, बाकी काही मागत नाही.

तुझे
आजोबा


वसतिगृह
१४ ऑगस्ट

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

कडी आतली बदलली. बाहेरची आधीपासूनच चांगली होती. दूध घेते. डोळे दुखत नाहीत. डोकं दुखतं, पण ते काचेमुळे नाही, शेजारच्या बाकावरच्या शहाण्यामुळे. त्याचा प्रोग्रॅम अडला की मी ‘ताई’ असते, चालायला लागला की ‘मॅडम तुम्हाला नाही कळायचं’.

साठांत एकटी हे तुम्ही बरोबर लिहिलंत, पण आम्ही आधी चौघी होतो. एकीचं लग्न ठरलं. दुसरीच्या वडिलांनी तिला घराजवळच्या कॉलेजात दुसरा विषय घेऊन दिला. तिसरी, माझ्या खोलीतली, माझ्यापेक्षा हुशार होती. तिला रोज कुणीतरी विचारायचं, हे तू स्वतः केलंस का? एक दिवस तिने सांगितलं की मला आता स्वतःलाच शंका यायला लागलीय. ती जूनमध्ये गेली. तिचा टेबललॅम्प मला ठेवून गेली. म्हणून आता माझ्या टेबलावर दोन दिवे आहेत आणि खोलीत माणूस एक.

पण मॅडम आहेत. विभागात शिकवणाऱ्या बारा जणांत त्या एकट्या, वर्गात मी एकटी. चाचणीत मी दुसरी आले तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की प्रयोगशाळेसाठी दोन नावं जायची आहेत आणि त्यातलं एक तुझं. मग म्हणाल्या, मी एकटीने पंधरा वर्षं काढली, तू आता पुढे जा म्हणजे मला मागे वळून बघायला कुणीतरी असेल. आजोबा, मला रडू आलं आणि मी ते शिंकेसारखं लपवलं.

आत्याआजीला मी पत्र लिहिलंच, रागावू नका. तिचं उत्तर वाचून मी थक्क झाले. ती हवामान कचेरीत होती एवढंच मला माहीत होतं. ती लिहिते की तिथे खोलीएवढं यंत्र आलं तेव्हा ते अकरा मुली चालवायच्या! पुरुष एकच, वायरमन. भोकं पाडलेल्या कार्डांवरून यंत्राला काय करायचं ते सांगायचं, ते सगळं या मुली कागदावर आखायच्या. साहेब लोकांना वाटायचं की हे टायपिंगसारखंच बसून करायचं काम, बायकांनाच शोभतं. तिच्या वहीत आहे ते तेच. चौकटी नव्हेत आजोबा, प्रोग्रॅम आहेत ते.

मग त्या अकराजणी गेल्या कुठे? आणि आत्याआजी पुढे का नाही गेली? मी तिला विचारलं तर लिहिते, दादाला विचार, त्याला तारखा चांगल्या आठवतात. म्हणून तुम्हाला विचारते.

काळजी कमी करा. अर्धी जरी केलीत तरी पुरेल.

तुमची
भिंगरी


घर
२२ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा धरला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तारखा आता आठवत नाहीत. तो काळ निराळा होता. वडील वारले होते, बांधणीचं दुकान माझ्या एकट्यावर पडलं होतं, तुझी पणजी अंथरुणाला खिळलेली. कचेरीत पुढे शिकलेले पुरुष आले, यंत्राचं काम मोठ्या अधिकाराचं झालं, मुलींना परत टायपिंगला बसवलं. कुणाकुणाची लग्नं झाली. जगात असंच चालतं, त्यात कुणी मुद्दाम काही केलं असं नसतं. तुझी आत्याआजी संसारात सुखी झाली. शाळेत टायपिस्ट म्हणून मानाने निवृत्त झाली. जुनं उकरून काय मिळायचं आहे?

तिसरीचा दिवा तू वापरू नकोस. जुन्या वायरचा भरवसा नसतो.

तुझे
आजोबा


वसतिगृह
९ सप्टेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

यादी लागली. माझं नाव नाही.

पहिला आलेला आहे, ते बरोबरच. दुसरं नाव माझ्या बाकाशेजारच्या शहाण्याचं. तो चाचणीत सातवा होता. त्यालाही कळेना. त्याने मला येऊन विचारलं की तू नको म्हणालीस का गं. मी काय सांगणार?

मी मॅडमकडे गेले. आजोबा, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरची पिन उचलून पुन्हा डबीत टाकत होत्या, एकच पिन, तीन-चारदा. म्हणाल्या, सगळा विचार करून ठरवलंय, तुझ्या भल्याचंच आहे, कारण विचारू नकोस. मी म्हटलं, मी दुसरी आले होते. तर म्हणाल्या, मला माहीत आहे. बस. एवढंच.

मुलग्यांनी केलं असतं तर मी भांडले असते. ते काय करणार हे मला पाठ आहे. पण ह्या? पंधरा वर्षं एकटीने काढली म्हणणाऱ्या? कुंपणानेच शेत खाल्लं तर राखायचं कुणी? त्या दिवशी केबिनमध्ये मला जे रडू आलं होतं ना, त्याची आता लाज वाटते.

तिसरी का गेली ते मला कळलं. हुशारी कमी पडत नाही, भरवसा संपतो.

विषय बदलून घेण्याचा अर्ज मी आणला आहे. तीस सप्टेंबर शेवटची तारीख. नाव-गाव सगळं भरलंय, सही तेवढी राहिली आहे. तुम्हाला कधीच हा विषय आवडला नव्हता. आता तरी बरं वाटेल.

तुम्ही एकटेच असे आहात की ज्यांच्याबद्दल मला शंका घ्यावी लागत नाही. म्हणून सगळं लिहिलं.

तुमची
भिंगरी


घर
१३ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. मोठ्या जागेवरच्या माणसांचं असंच असतं. बोलायचं एक, करायचं एक. मॅडमचा काय दोष म्हणायचा? आणि नसेलच असंही कसं म्हणायचं? तू त्यांच्याशी वाद घालू नकोस, पुन्हा केबिनमध्ये जाऊ नकोस.

अर्जाचं तू ठरव. पण खरं सांगू? इथे घराजवळच्या कॉलेजात तुला जागा मिळेल. खोली तुझी तशीच आहे. मी रोज खिडकी उघडतो. साठ परक्यांत राहून जीव जाळण्यापेक्षा आपल्या माणसांत राहिलेलं काय वाईट? जे होतं ते कधी कधी भल्यासाठीच होतं.

लवकर कळव. प्रकृतीस जप.

तुझे
आजोबा


घर
१४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

भिंगरीचं तुला कळलंच असेल. तिची निवड झाली नाही. ती फार दुखावली आहे, विषयच सोडते म्हणते. मॅडमवर तर इतकी चिडली आहे की विचारू नकोस. वाईट वाटतं, कारण बाई तशी सरळ आहे, दिलेला शब्द तिने पाळला.

तुला एकच विनंती. पोर तुझी वही मागते, ती पाठवू नकोस. आणि कचेरीच्या दिवसांबद्दल तिला फार लिहू नकोस. आधीच तिचं डोकं फिरलेलं आहे, त्यात त्या अकराजणींच्या गोष्टी ऐकल्या की आणखी हट्टाला पेटेल. तू समजूतदार आहेस. लहानपणापासून तू माझं कधी मोडलं नाहीस.

माझा गुडघा बरा नाही. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? मीठ कमी खा. उत्तर धाड.

तुझा
दादा


२० सप्टेंबर

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. नमस्कार.

मीठ कमीच खाते. ब्लडप्रेशर तुझं पत्र वाचेपर्यंत बरं होतं.

मॅडमने शब्द पाळला असं तू लिहिलंस. कुणाला दिलेला शब्द, दादा? पोरीला दिलेला तर त्या बाईने मोडला. मग पाळला तो कुणाचा? तीन दिवस मी ते वाक्य घेऊन बसले होते. तू तिला प्रवेश घेऊन द्यायला गेला होतास तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या ना की आजोबा, काही वाटलं तर मला खुशाल लिहा? घरी येऊन तूच कौतुकाने सांगितलं होतंस. तू लिहिलंस. होय ना? तिच्या कागदावर सही केलीस, आणि वेगळ्या पाकिटातून कळवलंस की पाठवू नका आणि माझं नाव सांगू नका.

चूक असेल तर मला शिव्या दे. पण चूक नाही. मी तुला ओळखते, कारण तू हे आधी एकदा केलेलं आहेस.

माझ्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या अस्तराखाली काय आहे ते मला माहीत आहे.

मी बाइंडरची बहीण आहे रे. दोन वर्षं तुझ्या दुकानात बसून छापील कागदांच्या घड्या घातल्या, खळ शिजवली. एक पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा जाड आहे हे माझ्या बोटांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला वाटलं, गडबडीत वेगवेगळे पुठ्ठे लागले असतील. दादाचा हात चुकला म्हणून मला तुझी कीवच आली. मग सात वर्षांनी कपाटात ओल आली आणि अस्तराचा कोपरा सुटला. आत कचेरीचा शिक्का दिसला.

त्या संध्याकाळी मी भाजी करपवली, एवढंच घरात कुणाच्या लक्षात आलं.

दादा, मी नऊ वर्षं समजत होते की मी कमी पडले. माझ्या जागी शेजारच्या खोलीतला कारकून गेला, ज्याला यंत्र कुठून सुरू होतं ते मी शिकवलं होतं. मला वाटायचं, त्याच्यात काहीतरी असेल जे माझ्यात नाही. परत आल्यावर तो आमचा साहेब झाला आणि आम्हाला टायपिंगला बसवलं, तेव्हासुद्धा मला वाटलं, ठीकच आहे, आपली लायकी तेवढी. तुझ्यामुळे काय गेलं ते सांगते. नोकरी गेली त्याचं दुःख जुनं झालं. मी स्वतःला नऊ वर्षं बिनडोक समजले, ते मात्र अजून ताजं आहे.

मी खळ शिजवली आणि अस्तर पुन्हा चिकटवलं. तुला विचारलं नाही. तेव्हा आई तुझ्याकडे होती, तू तिचं सगळं करत होतास. नंतर तुझा मुलगा-सून गेले आणि ती चार वर्षांची पोर तुझ्या कडेवर आली. भांडायला मोकळी जागाच सापडली नाही. दरवर्षी तू येऊन म्हणायचास, धाकटे, वही जपून ठेवलीस ना. मी म्हणायचे, हो. आपण दोघेही त्या पुठ्ठ्यावर हात ठेवून खोटं बोललो.

पण पोरीच्या बाबतीत मी समजूतदार राहणार नाही. वही आज पार्सलने तिला पाठवली आहे. सोबत काही लिहिलेलं नाही, फक्त एवढंच की मागचं अस्तर ओल्या फडक्याने सोडव. चार-पाच दिवसांत पोचेल. तुझं पत्र त्याच्या आधी पोचवायचं की नंतर, ते तू ठरव. तीस तारखेला ती सही करणार आहे.

लोभ होता, आहे. त्याची परीक्षा किती वेळा घ्यायची तेही तूच ठरव.

तुझी
धाकटी


घर
२२ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी मनात आहेत.

त्या अर्जावर सही करू नकोस. आधी हे वाच.

मॅडमनी तुझं नाव आपणहून खोडलं नाही. मी त्यांना पत्र लिहिलं. चार ऑगस्टला, तुझ्या पाकिटाबरोबरच टाकलं. लिहिलं की पोरीला बापाचं छत्र नाही, माझं वय झालं, परक्या शहरात सहा महिने एकटीला पाठवायला मन घेत नाही, पण तिला नाही म्हणायची माझी हिंमत नाही, तरी तुम्ही परस्पर काही करा आणि माझं नाव कळू देऊ नका. हातापाया पडून लिहिलं, आणि त्यांनी तसा शब्द दिला. वर सहीसुद्धा करून दिली तुला, म्हणजे तुझ्यापुढे मी चांगला. तू मॅडमना कुंपण म्हणालीस. कुंपण मीच होतो.

मग तुझं रागाचं पत्र आलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी त्या बाईचा दोष असेलही असं लिहिलं. हे पहिल्यापेक्षा वाईट, ते मला कळतं.

आता दुसरं. आत्याआजी एकवीस वर्षांची असताना कचेरीतून तिच्या नावाचं पत्र आलं. टपाल माझ्या हातात पडलं. यंत्राची भाषा शिकायला एक वर्षासाठी दोघांना दुसऱ्या शहरी पाठवणार, त्यात तिचं नाव पहिलं. मी चौथीपर्यंत शिकलेला, कचेरीची भाषा मला जड जाते. दुसऱ्या ओळीत ‘निवड करण्यात आली आहे’ एवढं वाचलं आणि घडी घातली. पुढचं वाचलं नाही. मनाशी म्हटलं, राहील कुठे, खाईल काय, लोक काय म्हणतील. ते पत्र दोन वर्षं दुकानातल्या शिकंजाखाली, जिथे पुस्तकं दाबतात तिथे होतं. फाडवेना, जाळवेना, देववेना. तिच्या लग्नात तिचे सगळे सुटे कागद बांधून वही भेट दिली, तेव्हा मागच्या अस्तराखाली चिकटवलं. वाटलं, एका अर्थी दिलंच की.

आजपर्यंत मी म्हणत आलो की भीतीने केलं. भीती होतीच, ती मला जन्मतःच आहे. पण तू मला लिहिलंस की माझ्याबद्दल शंका घ्यावी लागत नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. त्या महिन्यात दुकानात एका वाचनालयाची नऊशे पुस्तकं बांधायला आली होती. घड्या घालायला, शिवायला माणूस नव्हता. आईला उठवायला-बसवायला कुणी नव्हतं. धाकटीचे हात कचेरीतून आल्यावर माझ्या कामाला लागायचे. ते हात मला जाऊ द्यायचे नव्हते. आणि आता तू गेलीस तर या घरात खिडकी उघडायला मी एकटाच. भल्याचं नाव घेतलं की सगळं झाकतं, अस्तरासारखं.

मॅडमना आज दुसरं पत्र टाकलं आहे की पहिलं मागे घेतो, दोष माझा. उशीर झाला असेल.

क्षमा मागत नाही. ती मागितली की देण्याची जबाबदारी पुन्हा तुझ्यावरच येते.

आजोबा


वसतिगृह
२९ सप्टेंबर

आजोबा,

वही चोवीसला आली. तुमचं पत्र सव्वीसला. दोन दिवस मला फक्त आत्याआजीचं माहीत होतं आणि मी म्हणत होते, बिचारे आजोबा, तेव्हा घाबरले असतील. मग तुमचं पाकीट उघडलं.

मॅडमकडे गेले. त्यांनी ड्रॉवरमधून तुमची दोन्ही पत्रं काढून समोर ठेवली. तुमचं वळणदार अक्षर. मला वाढदिवसाला येतं तेच. त्या म्हणाल्या, एका म्हाताऱ्या माणसाने पाया पडून लिहिलं, मला त्यांचं मन मोडवेना. मी म्हटलं, मला एकदा विचारायचं होतंत. त्याही सुटत नाहीत. मला न विचारता माझं भलं करणारी माणसं मला आता खूप झाली.

जागा गेली. शहाणा परवा निघाला. जाताना म्हणाला, अडलं की तुला फोन करीन. करेल.

विषय बदलायचा अर्ज मी फाडला. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. वहीतला सतराव्या पानावरचा प्रोग्रॅम मी आजच्या भाषेत लिहून चालवून पाहिला. आठ दिवसांच्या वाऱ्याची सरासरी काढतो. पहिल्याच फटक्यात चालला. एक चूक नाही, आजोबा. पेन्सिलीने, यंत्र समोर नसताना लिहिलेला, आणि एक चूक नाही. मी आत्याआजीला फोन करून सांगितलं. तर म्हणाली, चूक सोळाव्या पानावर आहे, ती बघ.

सुट्टीत मी तिच्याकडे जाणार आहे. घरी येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दोन जागा निघतील. पालकाच्या रकान्यात तिचं नाव घातलं आहे.

वही तुमच्याकडे पाठवते आहे. मागचा पुठ्ठा सुटला आहे, तो तुम्हीच नीट करायचा. कचेरीचं पत्र आत ठेवलं आहे. मॅडमकडून तुमचं पहिलं पत्रही मागून घेतलं, तेही आहे. दोन्ही शिवा. अस्तराखाली नाही. पहिलं पान आणि दुसरं पान म्हणून.

शिवण्याआधी कचेरीचं पत्र पुरतं वाचा. चौथी ओळ.

भिंगरी


घर
१८ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

वही आज पार्सलने पाठवली. पोचल्याची दोन अक्षरं टाकलीस तर बरं, नाही टाकलीस तरी पार्सलवाल्याची पावती माझ्याकडे आहे.

सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवावं लागलं. हात थरथरतात म्हणून आधी टोच्याने भोकं पाडून घेतली आणि एका भोकात एकदा असं सावकाश शिवलं. सहा दिवस लागले. पूर्वी हे तासाभराचं काम होतं. जुन्या दोऱ्याची गाठ मी मारलेली होती, अजून घट्ट होती. ती कापताना फार वेळ गेला.

तू सांगितलंस तसं केलं. पहिलं पान कचेरीचं, दुसरं माझं. आता कुणीही वही उघडली की आधी ते दिसेल. दोन्ही पुठ्ठे सारख्या जाडीचे घेतले, मोजून.

चौथी ओळ वाचली. भिंग घेऊन, बोट ठेवून वाचली. ‘निवड झालेल्या मुलींच्या राहण्या-जेवण्याची स्वतंत्र सोय कचेरीतर्फे करण्यात आली असून, पहिले आठ दिवस सोबत पालकास राहता येईल.’

एकोणपन्नास वर्षं मी विचारत होतो, राहील कुठे, खाईल काय. दोन ओळी खाली उत्तर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, कारण वाचलं असतं तर माझ्याजवळ कारण उरलं नसतं.

वहीच्या शेवटी मी सोळा कोरी पानं घातली आहेत. तुला लागतील. कागद चांगला आहे, पेन्सिल नीट उमटते.

खिडकी उघडतो. लोभ ठेव असं यावेळी लिहीत नाही.

आजोबा